दहा पौंडांची पैज : स्कॉटलंडमधले सात दिवस

शनिवार, १३ सप्टेंबर २०१४. एडिंबरा

विमानतळाबाहेर भाची उभी होती. जवळ येऊन मिठी मारायच्या आधीच तिने पर्समधून एक कार्ड काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "मावशी, मला मत आहे!"

मला वाटलं, कॉलेजातलं काहीतरी असेल. चष्मा लावून वाचलं तर गुरुवारच्या सार्वमताचं पोलिंग कार्ड! स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, त्याचं सार्वमत. ही मुलगी ग्लासगोला एक वर्षाची एमएस्सी करायला आली. प्रबंध नुकताच दिलाय, जानेवारीत व्हिसा संपला की सामान बांधणार. आणि ३०७ वर्षं एकत्र नांदलेल्या घराच्या वाटण्या करायच्या की नाहीत, ते ही ठरवणार.

मे महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या नव्याकोऱ्या ट्राममध्ये बसल्यावर तिने मला नियम सांगितला. वय १६ पूर्ण, राहायला स्कॉटलंडमध्ये, आणि नागरिकत्व ब्रिटिश, आयरिश, कॉमनवेल्थमधलं किंवा युरोपीय संघातलं. झालं. जन्म कुठला, आजोबा कुठले, हे कोणी विचारत नाही, पत्ता विचारतात. त्यामुळे ग्लासगोत जन्मून पोटापाण्यासाठी लंडनला गेलेल्याला मत नाही, आणि वर्षापूर्वी इथे उतरलेल्या माझ्या भाचीला आहे.

मी उभा जन्म बँकेत काढला. कर्जाच्या कागदावर सही करायची ती फेडणाऱ्याने, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. "तू फेडायला इथे असशील का?" मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

सामान टाकून बाहेर पडलो तर शहरात ढोल आणि बासऱ्यांचा दणदणाट. ऑरेंज ऑर्डरचा मोर्चा होता, १५ हजारांच्या आसपास माणसं. काळे कोट, गळ्यात नारिंगी पट्टे, हातात युनियन जॅक. सतराव्या शतकातल्या प्रोटेस्टंट राजाचं, ऑरेंजच्या विल्यमचं नाव अजून मिरवणारी ही मंडळी ब्रिटनमध्येच राहायचं हे ठणकावून सांगायला आली होती. राहण्याच्या बाजूची अधिकृत मोहीम 'बेटर टुगेदर'ची; पण ती यांच्यापासून चार हात लांबच. सोयरे कोण असावेत हे आपल्या हातात नसतं, तसलाच हा प्रकार. फुटपाथवर एक आजोबा 'नो थँक्स'चा बिल्ला लावून उभे होते. मोर्चा समोर आल्यावर त्यांनी तो बिल्ला काढून हळूच खिशात टाकला.

रविवार, १४ सप्टेंबर. एडिंबरा

सकाळी किल्ला. गर्दी नेहमीच्या पर्यटकांची, पण आज एका खोलीसमोर लोक जास्त रेंगाळत होते. तिथे स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार आहे. १७०७ मध्ये दोन्ही संसदा एक झाल्यावर या वस्तूंना काही कामच उरलं नाही. पेटीत घातल्या, खोली बंद केली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत त्या आत आहेत की लंडनला गेल्या याचीच लोकांना शंका यायला लागली. १८१८ मध्ये लेखक वॉल्टर स्कॉटने परवानगी मिळवून खोली उघडवली, तर सगळं जागच्या जागी.

शेजारीच तो दगड. स्कॉटिश राजांचा अभिषेक ज्यावर होई तो. दिसायला अगदी साधा, वाळूच्या खडकाचा ठोकळा. वजन १५२ किलो. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो उचलून नेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत सिंहासनाखाली बसवला. १९५० च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी तो तिथून पळवला, त्या खटाटोपात त्याचे दोन तुकडे झाले. १९९६ मध्ये लंडनने तो रीतसर परत केला. भाची म्हणाली, "सातशे वर्षांनी परत दिला, यातच काय ते आलं." मी म्हटलं, "परत दिला, हेही बघ."

आमचा आठवडा असाच जाणार होता.

मला बघायची होती ती वेगळीच वस्तू, राष्ट्रीय संग्रहालयातली. एक लोखंडी पेटी आहे, डेरियनची. झाकण उघडलं की आतून खटक्या-कड्यांचं असं जाळं दिसतं की आमच्या स्ट्राँगरूमच्या दारानेही मान खाली घालावी. १६९८ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर स्कॉटलंडची स्वतःची वसाहत वसवायची म्हणून लीथ बंदरातून जहाजं निघाली. सरदारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी पैसा ओतला होता, ४ लाख पौंडांची योजना. तापाने आणि उपासमारीने माणसं मेली, आसपासच्या इंग्लिश वसाहतींना मदत करू नका असा हुकूम होता, वर स्पेनचं सैन्य. १७०० मध्ये गाशा गुंडाळला. एका लहान देशाची पुंजी त्या दलदलीत बुडाली.

एकीकरणाच्या करारात या जखमेवर मलम होतं. इंग्लंडच्या कर्जाचा बोजा आता स्कॉटलंडच्या करदात्यावरही पडणार, त्याची भरपाई म्हणून ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग द्यायचे ठरले, आणि त्यातून डेरियनच्या भागधारकांचे पैसेही भागवायचे. १६ जानेवारी १७०७ रोजी स्कॉटिश संसदेने ११० विरुद्ध ६९ मतांनी स्वतःचंच विसर्जन मंजूर केलं. ही लाच होती की भरपाई, यावर इथे आजही वाद झडतो. पैसे आले तेव्हा मोठा भाग नाण्यांऐवजी कागदी हुंड्यांत निघाला, म्हणून लोक आणखी भडकले. त्या भरपाईच्या कागदांचा व्यवहार बघणाऱ्या कंपनीतूनच १७२७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड उभी राहिली. आणि गेल्याच गुरुवारी त्या बँकेने जाहीर केलं, देश वेगळा झाला तर आमचं नोंदणीकृत कार्यालय इंग्लंडला हलवू. एकीकरणाच्या पैशातून जन्मलेली बँक, एकीकरण मोडलं तर माहेरी निघणार.

संध्याकाळी टीव्हीवर एकच बातमी. राणी बालमोरलजवळच्या चर्चबाहेर कोणाशी तरी बोलताना म्हणाली, लोकांनी भविष्याचा अगदी नीट विचार करावा. एवढंच एक वाक्य. तासभर चार तज्ज्ञ त्याचा कीस काढत होते.

सोमवार, १५ सप्टेंबर. ग्लासगो

वेव्हर्ली स्टेशनवरून ग्लासगो, पन्नास मिनिटं. वाटेत मी पर्समधल्या नोटा लावत बसले. दोन दिवसांत माझ्याकडे तीन वेगवेगळ्या बँकांच्या पौंडाच्या नोटा जमल्या होत्या: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक, क्लाइड्सडेल. इथे व्यापारी बँका नोटा छापतात! मात्र फुकट नाही. छापलेल्या नोटांच्या मागे बँक ऑफ इंग्लंडचा तितकाच आधार ठेवावा लागतो, आणि त्यासाठी तिथे खास मोठ्या रकमेच्या नोटा असतात: १० लाख पौंडांची 'जायंट' आणि १० कोटींची 'टायटन'. त्या बाजारात कधीच येत नाहीत, तिजोरीत पडून असतात. म्हणजे स्कॉटिश नोटेवर चेहरा स्कॉटलंडचा, पत लंडनची.

माझं मत या मुद्द्यापाशी ठरलं होतं, लपवत नाही. स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख आणि 'येस'वाल्यांचे नेते अलेक्स सॅमंड म्हणत होते, वेगळे झालो तरी पौंड आमचाही आहे, तो वाटून घेऊ. अर्थमंत्री ऑसबोर्न फेब्रुवारीत एडिंबरात येऊन सांगून गेले, अशी भागीदारी मिळणार नाही. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर कार्नी यांनी मागच्याच आठवड्यात बजावलं की एकच चलन आणि पूर्ण सार्वभौमत्व एकत्र नांदत नाहीत. सॅमंड म्हणायचे, या धमक्या पोकळ आहेत. असतीलही. पण २००८ मध्ये रॉयल बँक बुडायला आली तेव्हा ती वाचवायला ४५ अब्ज पौंड लागले, आणि ते ब्रिटनच्या तिजोरीने दिले. पुढच्या वेळी सगळ्यांनी हात वर केले तर पैसे कोण देणार, या प्रश्नाला उत्तर नसताना वेगळं निघू नये. मी बँकेतली बाई, मला यापलीकडे दिसत नव्हतं.

भाची राहते ती पार्टिकमधल्या जुन्या तांबड्या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका आजीबाईंकडे एक खोली घेऊन. बाई ऐंशीच्या घरातल्या, क्लाइड नदीपलीकडे गोवनच्या जहाजकारखान्याच्या कचेरीत त्यांनी आयुष्य काढलेलं. भाचीला 'हेन' म्हणतात. कोंबडी! मला आधी राग आला. ग्लासगोत बाया एकमेकींना लाडाने तसंच म्हणतात हे नंतर कळलं. रस्त्याकडेच्या दोन खिडक्या: एकीत बाईंचं 'नो थँक्स', दुसरीत भाचीचं निळं 'येस'. खालून बघणाऱ्याला हे घर वेडं वाटत असणार.

"माझा मुलगा या पलीकडच्या खोलीत जन्मला," बाई चहा ओतताना म्हणाल्या. "तो लीड्सला असतो. त्याला मत नाही. आणि ही कोंबडी मत देणार." रागाने नाही म्हणाल्या, पण किटली जरा जोरात ठेवली. त्यांचं 'नाही' कशावर उभं आहे ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. पेन्शन लंडनहून येते. आणि गोवनमध्ये नौदलाची जहाजं बांधतात. परक्या देशाकडून लंडन युद्धनौका कशाला बांधून घेईल?

टीव्हीवर पंतप्रधान कॅमेरन ॲबरडीनहून बोलत होते. हा तात्पुरता दुरावा नसेल, वेदना देणारा घटस्फोट असेल, असं काहीसं. बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला मी चाळीस वर्षं झेललं, मला हा शिकवणार?" त्यांचं मत कॅमेरन यांच्या बाजूचं, पण माणूस अजिबात चालत नव्हता. इथे एक विनोद सारखा ऐकू येतो: स्कॉटलंडमध्ये कॅमेरन यांच्या हुजूर पक्षाचे खासदार जितके, त्याहून पांडा जास्त. खरंच आहे. ५९ जागांपैकी त्यांचा खासदार एक, आणि एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात पांडा दोन. तरी सरकार त्यांचं. 'येस'वाल्यांचा अर्धा प्रचार या एका आकड्यात आला.

रात्री दोघींनी पैज लावली. बाई म्हणाल्या, येस जिंकणार, रस्त्यावर बघ की. भाची म्हणाली, नो. दहा पौंड. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर नोच्या ना?" बाई म्हणाल्या, "देश गेला तर दहा पौंड तरी येतील."

मंगळवार, १६ सप्टेंबर. फॅसलेन

सकाळी 'डेली रेकॉर्ड' वर्तमानपत्राचं पहिलं पान जुन्या चर्मपत्रासारखं छापलेलं. कॅमेरन, मिलिबँड, क्लेग या तीन पक्षनेत्यांच्या सह्या, आणि वर शब्द 'द व्हाऊ'. शपथ. राहिलात तर १९९९ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या स्कॉटिश संसदेला आणखी अधिकार देऊ. मतदानाला दोन दिवस राहिले असताना! कर्जदार घर सोडून निघाल्यावर व्याजदर कमी करणारी बँक मी पाहिली आहे. ७ तारखेला एका जनमत चाचणीत येस पहिल्यांदा पुढे गेलं, ५१-४९, तेव्हापासून लंडनची ही धावपळ.

आम्ही लोकल पकडून हेलेन्सबराला गेलो, तिथून बसने फॅसलेन. खाडीच्या कडेने रस्ता, पलीकडे हिरवे डोंगर, पाणी शिशासारखं स्थिर, आणि मध्येच काटेरी तारांच्या कुंपणामागे राखाडी शेडा. ब्रिटनच्या चारही अण्वस्त्रवाहू ट्रायडंट पाणबुड्यांचा हा तळ. अण्वस्त्रं डोंगरापलीकडे, कूलपोर्टला. एवढा सगळा संहार ग्लासगोपासून तास-दीड तासावर.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला रंगवलेले जुने कॅरॅव्हॅन. शांततावाद्यांची ही वस्ती १९८२ पासून इथे आहे. माणसं बदलली, वस्ती तीच. एका बाईंनी आम्हाला काळा चहा दिला आणि म्हणाल्या, तेहतीसाव्या वर्षी तरी आम्हाला हे गुंडाळायला मिळू दे. सॅमंड यांच्या श्वेतपत्रिकेत लिहिलं आहे, स्वतंत्र स्कॉटलंडमधून अण्वस्त्रं जातील, पहिल्याच संसदेच्या मुदतीत. जाणार कुठे, हे कोणी सांगत नाही. इतकी खोल आणि आडोशाची खाडी, शेजारी अस्त्रांचं कोठार, असं इंग्लंडमध्ये दुसरीकडे सहज मिळणारं नाही.

तळाची पाळी सुटली तेव्हा कामगारांच्या गाड्यांची रांग लागली. हजारो घरं या फाटकावर चालतात. कॅरॅव्हॅनमधल्या बाईंनी हात हलवला, दोन-तीन गाड्यांनी हॉर्न दिला. रोजची ओळख असावी.

परतीच्या गाडीत माझी वही उघडी होती. डावीकडे राहण्याचे मुद्दे, उजवीकडे निघण्याचे, अशी मी बँकेच्या सवयीने पानं आखली होती. फॅसलेन कुठे लिहायचं ते सुचेना. ज्या शस्त्रांवर आपला हुकूम नाही ती आपल्या दारात असावीत की नाही, याला पौंडाचा आकडा लावायला माझ्याकडे रकानाच नव्हता. भाचीने वहीत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता कानात इयरफोन घातले.

बुधवार, १७ सप्टेंबर. ग्लासगो

सकाळी माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांचं मेरीहिलमधलं भाषण टीव्हीवर. कागद न बघता, व्यासपीठावर येरझाऱ्या घालत हा माणूस बोलत होता: दोन महायुद्धांत स्कॉट, इंग्लिश, वेल्श, आयरिश शेजारी-शेजारी पुरले गेले, शेजाऱ्याच्या कबरीला कोणी देश विचारला नाही; ही एकी राष्ट्रवाद्यांना तोडू देऊ नका. आठवडाभर 'राहा, नाहीतर महाग पडेल' एवढंच ऐकत होते. राहण्यात काही अभिमानाचंही आहे, हे पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, तेही मतदानाच्या आदल्या दिवशी. 'बेटर टुगेदर'वाल्यांच्याच गोटातून 'प्रोजेक्ट फिअर' हे टोपणनाव बाहेर आलं होतं म्हणे. ते उगाच चिकटलं नाही.

दुपारी बुकॅनन स्ट्रीट. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांचा पूर. आर्ट गॅलरीसमोर घोड्यावर बसलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पुतळ्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू, तो बारा महिने असतो. पालिकेने काढायचा आणि ग्लासगोकरांनी पुन्हा चढवायचा, अशी जुनी रीत. साम्राज्याच्या सेनापतीचं हे रूप बघितल्यावर या शहराचा कौल काय असेल ते कळायला जनमत चाचणी कशाला हवी!

शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली पत्रकं वाटत होत्या. सोळा वर्षांच्या. मी माझा पौंडाचा प्रश्न विचारला. एकीने सरळ सांगितलं, "मला माहीत नाही. पण माझ्या आईला महिन्यातून दोनदा फूड बँकेत जावं लागतं, ते याच पौंडात." दुसरी म्हणाली, "आणि आम्हाला इथे साठ वर्षं राहायचंय." मला पुढे काही बोलता आलं नाही. वहीतही लिहिलं नाही, आत्ता लिहितेय.

रात्री माझं आणि भाचीचं वाजलं. कारण असं: श्वेतपत्रिकेत आहे की शिक्षणानंतर काम करू देणारा व्हिसा स्वतंत्र स्कॉटलंड परत आणेल. लंडनने तो एप्रिल २०१२ मध्ये बंद केला होता. येस जिंकलं तर तिला इथे नोकरी करता येईल, हे तिच्या डोक्यात होतं आणि ते तिला बोचतही होतं. "लोकांच्या घरात मी माझा फायदा बघतेय का गं?"

मी म्हटलं, "तारखा बघ. येस जिंकलं तरी स्वातंत्र्याचा दिवस ठरलाय २४ मार्च २०१६. तुझा व्हिसा संपतो जानेवारी २०१५ मध्ये. तुला यातलं कवडीचं मिळणार नाही."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "मग तर झकास. माझा काही स्वार्थच उरला नाही. आता मोकळ्या मनाने मत देता येईल."

मी हेच तर शनिवारपासून उलट्या बाजूने सांगत होते. ज्याचं काही जाणार नाही, काही येणार नाही, त्याने दुसऱ्याच्या वाटण्यांत हात घालू नये. तिचं म्हणणं, ज्याचं काही अडकलेलं नाही तोच पंच होऊ शकतो. मी म्हटलं, पंच खेळत नसतो. ती म्हणाली, "वर्षभर इथे भाडं दिलं, खिडकीत बर्फ बघितला, आजींना दवाखान्यात नेलं. हे त्यांनी पत्त्यात धरलं, तू का धरत नाहीस?" पलीकडच्या खोलीतून बाईंनी भिंतीवर दोनदा ठोकलं. आम्ही मराठीत भांडत होतो, पण आवाजाला भाषा लागत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर. ग्लासगो

ढगाळ, दमट सकाळ. मतदान सात ते रात्री दहा. नाश्ता झाल्यावर तिघी निघालो. केंद्र शाळेत, फाटकाशी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते शेजारी-शेजारी, एकाच थर्मासमधून काहीतरी पीत. एक कुत्रं रेलिंगला बांधलेलं, मालक आत गेलेला. मी कुत्र्यापाशी थांबले.

बाई दोन मिनिटांत बाहेर आल्या. भाची येईना. पाच मिनिटं झाली, सात झाली. बाई म्हणाल्या, "मतपत्रिकेवर सहा शब्द आहेत. एवढं काय वाचतेय?" खरंच सहा, इंग्रजीत: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? सॅमंड यांच्या सरकारने आधी 'तुम्हाला मान्य आहे का, की' अशी सुरुवात सुचवली होती. निवडणूक आयोग म्हणाला, अशाने माणूस हो म्हणण्याकडे झुकतो. ते शब्द काढून टाका. काढले. दोन पर्याय, हो आणि नाही, मधलं काही नाही. जास्त अधिकार घेऊन आत राहणं ही कितीतरी जणांची पहिली पसंती होती, पण तो पर्याय सार्वमतासाठी लंडन आणि एडिंबराच्या सरकारांत झालेल्या २०१२ च्या करारातच गळला, आणि आता मतदानाच्या दोन दिवस आधी वर्तमानपत्रातून त्याचंच आश्वासन.

भाची आली. काय विचारायचं ते मला माहीत होतं, पण विचारलं वेगळंच. "ओळखपत्र बघितलं?" म्हणाली, नाही. नाव-पत्ता विचारला, यादीत पट्टी धरून रेघ मारली, कागद दिला. बोटाला शाई नाही. खोक्याच्या आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. "पेन्सिल?" "हो. टोक मोडलं होतं, दुसरी मागितली." सात मिनिटं तिथे गेली म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही.

दिवसभर शहर विलक्षण शांत. लोक एकमेकांशी जपून बोलत होते, आजारी माणसाच्या घरात बोलतात तसं.

रात्री टीव्हीसमोर तिघी. ३२ विभाग, एकेकाचा निकाल. दीडच्या सुमारास पहिला आला, क्लॅकमॅननशर. लहानसा विभाग, 'येस'वाल्यांनी आशा धरलेली. नो, जवळपास ५४ टक्के. भाचीने पाय वर घेतले आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. बाई उठून किटली ठेवायला गेल्या. मग ऑर्कनी, शेटलंड, सगळीकडे नो. चारच्या सुमारास डंडी: येस, ५७ टक्के. रस्त्यावर कोणीतरी ओरडलं. पाचला ग्लासगो, येस ५३.५. पण इथल्या २५ टक्के मतदारांनी मतच दिलं नव्हतं, अख्ख्या स्कॉटलंडमध्ये सगळ्यात कमी मतदान याच शहरात. ज्यांच्यासाठी वेगळं निघायचं म्हणत होते, त्यांतलेच कितीतरी जण घरी बसले. एडिंबराने ६१ टक्के नो दिलं. ॲबरडीन, तेलाचं शहर, तेही नो. (हे टिपण पुढे साफ करताना लिहितेय: श्वेतपत्रिकेतला तेलाचा हिशेब पिंपाला ११० डॉलर धरून केला होता. चार महिन्यांत भाव पन्नासच्या खाली आला.)

सहानंतर फाइफच्या आकड्यांनी नोने बहुमताचा टप्पा पार केला. एकूण नो ५५.३, येस ४४.७. मतदान ८४.६ टक्के. बाई खुर्चीतच झोपल्या होत्या. जिंकल्या तेव्हा घोरत होत्या.

शुक्रवार, १९ सप्टेंबर. ग्लासगो ते लंडन

सातला कॅमेरन लंडनमध्ये दारात उभे राहून बोलले. स्कॉटलंडला दिलेला शब्द पाळू, आणि त्याच दमात, इंग्लंडच्या कायद्यांवर मत इंग्लंडच्याच खासदारांचं असावं हेही बघू. एका तासात भाषा बदलली. बाई जाग्या होऊन ऐकत होत्या. "बघ," म्हणाल्या, "अजून चहा गार झाला नाही." मग आतल्या खोलीत गेल्या आणि दहा पौंडांची नोट घेऊन आल्या. बँक ऑफ स्कॉटलंडची, वर वॉल्टर स्कॉटचा चेहरा. पैज हरल्या होत्या ना.

भाचीने नोट घेतली आणि एकदम म्हणाली, "आजी, मी येस दिलं."

"माहितीये. खिडकीत आहे की."

"मग नोवर पैज लावली म्हणून रागावला नाहीत?"

"मी नो देऊन येसवर लावली. तू मला काय विचारतेस?"

(याच नोट्समध्ये पुढे एक ओळ आहे, जून २०१६ मधली. 'युरोपात राहायचं असेल तर ब्रिटनमध्ये राहा' असं या आठवड्यात मी किमान दहा जणांकडून ऐकलं होतं. दोन वर्षांनी ब्रिटननेच युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. स्कॉटलंडने ६२ टक्के मतं राहण्याच्या बाजूने देऊनही. त्या दिवशी भाचीचा फोन आला. बाईंनी तिला चिठ्ठी पाठवली होती, फक्त एवढीच: "हेन, माझे दहा पौंड परत दे.")

ग्लासगो सेंट्रलवर भाची सोडायला आली. गाडी सुटताना तिने ती नोट माझ्या हातात कोंबली, लंडनला उतरल्यावर काहीतरी खा म्हणून. शनिवारचं ते फेडण्याचं वाक्य मी मागे घेणार होते, निदान थोडंसं. गाडी सुटली.

तासाभराने ग्रेटना गेलं. सीमेवरचं हे गाव. इंग्लंडमध्ये लग्नाचे नियम कडक झाले तेव्हा तिकडची पोरं-पोरी पळून इथे येऊन लग्न लावायची. सीमा ओलांडली की कायदा वेगळा. एक देश म्हणतात, पण कायदा, न्यायालयं, चर्च, शाळा १७०७ नंतरही स्कॉटलंडच्या वेगळ्याच राहिल्या. चारच्या सुमारास डब्यात कुजबुज झाली: सॅमंड यांनी राजीनामा जाहीर केला. समोरचा माणूस मोबाइलवरून वर न बघता म्हणाला, "आता पुन्हा पन्नास वर्षं नको हा विषय." त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "पाच."

यूस्टनजवळच्या एका दुकानात सँडविच घेतलं आणि नोट पुढे केली. पोऱ्याने ती उलटली, सुलटी केली, दिव्याकडे धरली.

"ही कुठली?"

"स्कॉटलंडची."

"तिकडे काल ते होतं ना? काय झालं?"

"राहिले."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि नोट माझ्याकडे परत सरकवली. "दुसरी आहे का?"